प्रीतीसमोरची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. सागवानी हातांची, तपकिरी रेक्झिनची. बदलापूर पश्चिमेला एक धर्मादाय दवाखाना आहे. त्याच्या तळमजल्यावर, औषधं देतात त्या खिडकीशेजारी एक बारकीशी खोली आहे. दारावर पाटी, 'समुपदेशन कक्ष'. त्या खोलीत मी सहा वर्षं काढली.

पाटी वाचून रांगेतली माणसं एकमेकांना विचारायची, इथं काय देतात? देत काहीच नसत. माणूस आत यायचा, माझ्यावर बसायचा आणि घरात कुणाला सांगितलं नाही ते समोरच्या मुलीला सांगायचा. ती मुलगी म्हणजे प्रीती. ही गोष्ट खरं तर तिचीच आहे. खोलीत आलेल्यांची नावं मी बदलली आहेत, तशी शिस्त तिनेच लावली. तिचं आणि तिच्या घरच्यांचं नाव तेवढं खरं.

माझा जन्म उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका गाळ्यात झाला. हिंदुराव मिस्त्रींनी मला आणि माझ्या बहिणीला एकाच आठवड्यात जोडलं. हात आणि पुढचे पाय सागाचे, मागचे पाय साध्या लाकडाचे. वरून पॉलिश एकसारखं मारलं की गिऱ्हाईकाला काय कळतंय. गाळ्याचे मालक मोहनदास शेठ, त्यांनी आम्हाला एका दंतवैद्यासाठी करवून घेतलं होतं, पण तो दवाखाना उघडलाच नाही. दोन महिने आम्ही गाळ्यात धूळ खात पडलो आणि २००३च्या मे महिन्यात टेम्पोतून बदलापूरला आलो. बहिणीवर प्रीती बसू लागली आणि माझ्यावर येणारा माणूस.

प्रीती साळवे तेव्हा चोवीस वर्षांची होती. राहायला अंबरनाथ पश्चिमेला. वडील भीमराव कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, आई रखमा, धाकटा भाऊ सम्यक डिप्लोमाला. घरातली पहिली एम. ए., तेही मानसशास्त्रात. पहिल्या दिवशी आईवडील तिला सोडायला आले होते. रखमाबाई माझ्यावर बसल्या, चारी भिंती बघितल्या आणि म्हणाल्या, "खोली छान आहे. पण खिडकी नाही गं." भीमराव उंबऱ्यातच उभे राहिले. लेकीच्या ऑफिसात बसायचं नसतं, असं त्यांना वाटलं असावं.

सुरुवातीची प्रीती फार बोलायची. माणूस दोन वाक्यं बोलला की ही सहा बोलायची. फिरायला जा, सकाळी लवकर उठा, चांगले विचार लिहून काढा. "मी समजू शकते" हे तर तासाला दहा वेळा. एकदा वडील गेलेला एक मुलगा बोलत होता, तर ही म्हणाली, काळ हेच औषध आहे. तो नंतरचा सगळा वेळ माझ्या हातावर अंगठा घासत बसला, आणि पुन्हा आला नाही.

माणसांच्या सवयी मला तिथंच कळल्या. अंबरनाथचा माणूस ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून बदलापूरला यायचा आणि बदलापूरचा कल्याणला जायचा. पुष्कळजण पहिल्या दिवशी मित्राची अडचण म्हणून स्वतःचीच सांगायचे. काहीजण बसायच्या आधी विचारायचे, "साळवे म्हणजे कुठले?" ती सरळ सांगायची. त्यातले काही पुढच्या आठवड्यात यायचे, काही यायचे नाहीत. न येणाऱ्याचं डायरीतलं नाव खोडताना पेन जरा जोरात चालायचं.

दर गुरुवारी कल्याणहून डॉ. कुमुदिनी सबनीस यायच्या. मानसोपचारतज्ज्ञ, साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा. औषधं लागतील ते पेशंट त्या बघायच्या आणि शेवटी प्रीतीकडून आठवड्याचा आढावा घ्यायच्या. प्रीती त्यांना बरं वाटू लागलेल्या माणसांचंच सांगायची. जे अडलं होतं त्याबद्दल बोलायची नाही. बाई विचारायच्या, "आणि बाकीचे?" ही म्हणायची, "चाललंय, मॅडम."

२००५च्या जानेवारीत शशिकांत पेंडसे आले.

पन्नाशीचे, केमिकल कंपनीत अधिकारी. अंबरनाथची त्यांची कंपनी वर्षापूर्वी बंद झाली होती. तेव्हापासून झोप नाही, भूक नाही, पेपरसुद्धा उघडत नाहीत. बायकोने, वृंदाबाईंनी, मागे लागून पाठवलं होतं. दर मंगळवारी चार वाजता यायचे. बूट पायपुसण्यावर नीट पुसायचे, प्रीतीला "मॅडम" म्हणायचे आणि माझे दोन्ही हात असे घट्ट धरून बसायचे की जणू मी हलतेय. बोलायचे थोडं. कंपनीचा भोंगा वाजायचा बंद झाल्यापासून दिवस कुठून सुरू करायचा तेच कळत नाही, असं एकदा म्हणाले. एकदा म्हणाले, "मी घरात असलो की वृंदा आवाज न करता भांडी घासते." एवढंच.

सहाव्या मंगळवारी ते हसतच आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. झोप लागली म्हणाले. कपाट आवरलं, कागदपत्रं लावली, वृंदाला सगळं समजावून सांगितलं म्हणाले. पिशवीतून त्यांनी एक लाकडी पेटी काढली. आत मखमलीत बसवलेली ड्रॉइंगची हत्यारं होती, कंपास, डिव्हायडर, सगळी जर्मन. कॉलेजपासूनची. "तुमचा भाऊ डिप्लोमाला आहे म्हणालात ना? त्याला द्या. माझ्याकडे नुसती पडून आहेत."

प्रीतीला इतका आनंद झाला. आधी नको म्हणाली, मग घेतली. ते गेल्यावर तिने फाइलीत लिहिलं, 'लक्षणीय सुधारणा'. लिहिताना ती स्वतःशीच पुटपुटली, म्हणून मला कळलं.

त्या दिवशी त्यांनी माझे हात धरले नव्हते. तळवे मांडीवर मोकळे ठेवून बसले होते. मला तेव्हा काही उमगलं असं मी म्हणणार नाही. मलाही बरंच वाटलं होतं.

पुढच्या मंगळवारी चार वाजले, साडेचार वाजले. प्रीतीने त्यांच्या घरी फोन लावला. पलीकडे कुणीतरी बोललं. तिने रिसीव्हर खाली ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिली. शेवटी दवाखान्यातल्या आयाबाई, जनाबाई, आत आल्या आणि त्यांनी तो तिच्या हातातून काढून जागेवर ठेवला. शशिकांतरावांनी रविवारी आपलं आयुष्य संपवलं होतं.

वृंदाबाई पंधरा दिवसांनी आल्या. साधी सुती साडी, हातात छत्री. ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. माझ्यावर अगदी कडेला बसल्या.

"मला एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना कधी विचारलं होतंत का? मरावंसं वाटतंय का म्हणून?"

प्रीतीने मान हलवली. "नाही."

"का?"

प्रीती खुर्चीत जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "भीती वाटली. वाटलं, मी विचारलं तर तो विचार मीच त्यांच्या डोक्यात घालीन."

वृंदाबाईंनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "मलाही तीच भीती होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्याकडे पाठवलं. मला वाटलं, तुम्ही विचाराल."

छत्री उचलून त्या गेल्या. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

गुरुवारी कुमुदिनीबाईंनी प्रीतीला माझ्यावर बसवलं आणि स्वतः माझ्या बहिणीवर बसल्या. प्रीती पहिल्यांदाच पेशंटच्या जागेवर आली होती. ती थरथरत होती, आणि तिचं थरथरणं माझ्या सांध्यांतून खाली फरशीपर्यंत जात होतं. फाइल बाईंच्या मांडीवर होती.

"ते तुझ्यामुळे गेले असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि तू चुकली नाहीस असंही म्हणणार नाही. खचलेला माणूस एकाएकी शांत झाला, आवडीच्या वस्तू वाटायला लागला, की आपण जागं व्हायचं असतं. आणि विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. तो आधीच असतो. विचारलं की माणूस त्याच्याबरोबर एकटा उरत नाही. हे तुला पुस्तकात शिकवलं होतं. पण पुस्तकातलं तोंडातून बाहेर यायला वेळ लागतो. यात माझीही चूक आहे. तू अडलेलं सांगत नव्हतीस आणि मी खोदून विचारत नव्हते."

प्रीतीने राजीनामा दिला. मार्चपासून खोलीला कुलूप लागलं. माझ्यावर सलाइनची खोकी रचली गेली.

मग जुलैची सव्वीस तारीख. त्या दिवशी नदी गावात शिरली. दाराखालून पाणी आलं तेव्हा मला वाटलं, जनाबाई फरशी धुतायत. तासाभरात खोकी तरंगू लागली. मी आडवी झाले, बहीण माझ्यावर आदळली आणि तिची पाठ निखळली. पाणी उतरल्यावर खोलीत गुडघाभर चिखल होता. बहिणीला लोकांनी तुटक्या कपाटांबरोबर रस्त्याच्या कडेला टाकलं. ट्रॅक्टर येऊन घेऊन गेला.

चौथ्या दिवशी प्रीती आली. नोकरीसाठी नव्हे. गावात जो तो झाडू आणि फावडं घेऊन उतरला होता, तशी तीही अंबरनाथहून आली. तिने आणि जनाबाईंनी मला बाहेर ओढलं, बादलीभर पाण्याने धुतलं आणि दवाखान्याच्या पायरीशी उन्हात ठेवलं. आतला फोम कुजायला लागला होता, वास मारत होता.

तापाच्या गोळ्यांची रांग लागली होती. रांगेतून एक बाई बाजूला झाली आणि न विचारताच माझ्यावर बसली. नाव वेणू. खरवईकडची, पण सासर नदीकाठच्या वस्तीत. अंगावरची साडी कुणीतरी दिलेली, तिच्या मापाची नव्हती. पाणी आलं तेव्हा तिने दीड वर्षांच्या मुलीला कडेवर घेतलं होतं. कडेवरून मुलगी गेली. तिने हे कुणालाच न बघता सांगितलं, समोरच्या रस्त्याला सांगितल्यासारखं. प्रीती हातात झाडू घेऊन उभी होती.

"झोप नाय लागत," वेणू म्हणाली. "डोला मिटला का पानी दिसतंय."

पूर्वीची प्रीती इथं काहीतरी बोलली असती. या प्रीतीने झाडू भिंतीला टेकवला आणि चिखलाच्या पायरीवर माझ्यासमोर बसली. तिचं तोंड वेणूच्या गुडघ्याशी आलं. तिचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. तिसऱ्यांदा आवाज आला.

"वेणूताई, मरून जावं असं वाटतं का?"

वेणूने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "रोज," ती म्हणाली. "आज जायाचं ठरवलंय."

तिने काय ठरवलं होतं तेही सांगितलं. मी ते इथं सांगणार नाही. पण प्रीती उठली नाही. तिने शांतपणे एकेक विचारलं, घरी कोण आहे, मोठा मुलगा कुणाजवळ आहे, कुणाचं ऐकशील. जनाबाईंना तिने वेणूच्या नणंदेला आणायला पाठवलं, औषधांच्या खिडकीतल्या माणसाकरवी कुमुदिनीबाईंना दवाखान्याच्या फोनवरून कळवलं. तोवर दोन तास ती पायरीवरून हलली नाही. वेणूचा हात तिने धरला नव्हता. वेणूनेच तिची ओढणी मुठीत धरून ठेवली होती. नणंद आल्यावर तिघी मिळून नणंदेच्या घरी गेल्या.

वेणू जगली. पुढची दोन वर्षं ती येत राहिली. बरी झाली का, तर तसं मला म्हणता येणार नाही. पण कामाला जाऊ लागली, मुलाला शाळेत घातलं, आणि एकदा माझ्यावर बसून हसलीसुद्धा. हसल्यावर स्वतःच दचकली.

प्रीती ऑगस्टमध्ये परत रुजू झाली. मला नवा फोम आणि काळं रेक्झिन बसवलं, बहिणीच्या जागी प्लास्टिकची खुर्ची आली. तिने टेबल मधून काढून भिंतीला लावलं. आता दर गुरुवारी ती माझ्यावर बसायची आणि कुमुदिनीबाईंना आधी अडलेलं सांगायची. कधी रागावून, कधी लाजून. समुपदेशनाला येणाऱ्या एका नवऱ्याबद्दल म्हणाली, मला हा माणूस सहनच होत नाही, त्याचं मी ऐकू कशी? बाई म्हणाल्या, आधी ते माझ्यापाशी बोल, मग त्याचं ऐकता येईल. असं बोलून बोलून ती घडत गेली. शनिवार-रविवारी मुंबईला जाऊन तिने आणखी एक अभ्यासक्रम केला. राहायलाही ती बदलापूरला आली, भाड्याच्या खोलीत. तिची वाक्यं कमी झाली. "मी समजू शकते" गेलंच. कॅम्प चारचा एक सिंधी कापडवाला यायचा, अर्धा तास नुसता बसून असायचा. तीही बसून असायची. जाताना तो म्हणायचा, "आज अच्छा लगा, मॅडम." आणि मरावंसं वाटतं का, हा प्रश्न ती आता वेळ विचारावी तसा विचारायची, आवाज न पाडता, नजर न चुकवता.

पण विचारलं म्हणजे माणूस वाचतोच असं नाही. २००७ साली महेंद्र नावाचा तरुण येत होता. तिने विचारलं, तो नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. कुमुदिनीबाईंची औषधं चालू होती, घरच्यांना विश्वासात घेतलं होतं. करायचं ते सगळं केलं होतं, आणि दिवाळीच्या आधी तो गेला.

मला वाटलं, आता खोलीला पुन्हा कुलूप. प्रीती सकाळी त्याच्या घरी जाऊन आली. आली ती दार लावून माझ्यावर बसली आणि रडली. पाऊण तास. मग तोंड धुऊन आली, पंखा लावला आणि जनाबाईंना सांगितलं, बाराच्या बाई आल्या असतील तर पाठवा. तिच्या कामाचा हा भाग कुठल्या प्रमाणपत्रावर लिहीत नाहीत.

२००८च्या डिसेंबरात रखमाबाई गेल्या. हृदयविकाराने, दोन दिवसांत. तेराव्या दिवशी प्रीती कामावर आली. पेशंटना वेळ देत होती, पण मधल्या वेळात भिंतीकडे बघत बसायची. गुरुवारी तिने बाईंना सांगितलं, बाबा बोलत नाहीत. विहारात जात नाहीत, दाढी करत नाहीत. सम्यक पुण्याला नोकरीला. मी घरी गेले की टीव्ही लावतात आणि आवाज बंद करून बघतात.

"विचारलंस?" बाई म्हणाल्या.

प्रीतीने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "मॅडम, सगळ्या जगाला विचारते. बाबांसमोर तोंडच उघडत नाही. ते हो म्हणाले तर?"

फेब्रुवारीतल्या एका दुपारी भीमराव दवाखान्यात आले. सहा वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलो म्हणाले, पण त्या गोळ्या अंबरनाथलाही मिळतात. प्रीतीने बसा म्हटलं. ते माझ्यावर बसले. पूर्वी धिप्पाड असणार ते, हाडांच्या रुंदीवरून कळत होतं, पण वजन असं नव्हतंच. कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईने चार साड्या नेसल्याच नाहीत. त्या वेगळ्या काढून ठेवल्यात. तू घेऊन जा. सम्यकच्या नावाचे कागद पण लावून ठेवलेत."

प्रीतीची प्लास्टिकची खुर्ची करकरली. ती उठली आणि वडिलांसमोर जमिनीवर बसली.

"बाबा, एक विचारते. खरं सांगा. जगू नये असं वाटतं का तुम्हाला?"

भीमरावांनी माझे हात धरले. बाहेर औषधांच्या खिडकीशी कुणीतरी नाव पुकारत होतं. ते पुकारून झालं, दुसरं नाव पुकारलं गेलं.

"वाटतं," ते म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून. पण तुला कसं सांगू? तू लेक आहेस माझी."

"सांगितलंत ते बरं केलंत, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा होता, पण डाव्या हाताने तिने माझा पुढचा पाय इतका घट्ट धरला होता की पॉलिशवर घामाचे ठसे उमटले. "मी तुमची समुपदेशक होऊ शकत नाही. मी तुमची मुलगी आहे. पण आज मी तुम्हाला एकटं सोडणार नाही. आपण आत्ताच कल्याणला जाऊ, कुमुदिनी मॅडमकडे. मी बरोबर आहे."

"पेशंट आहेत तुझे."

"जनाबाई त्यांना उद्याची वेळ देतील."

ते उठले. उठताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. बापाने लेकीचा आधार असा उघड घेतलेला मी त्या खोलीत फारसा पाहिला नाही.

भीमराव अजून कल्याणला जातात. काही आठवडे बरे, काही वाईट. मार्चमध्ये एकदा सम्यकला रातोरात पुण्याहून यावं लागलं. आता प्रीतीने घर बदलून वडिलांना आपल्याजवळ ठेवलंय. पुढं काय होईल ते तिलाही माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव ती आणत नाही.

माझे दिवसही आता संपत आले. पुराचं पाणी मागच्या पायांत मुरलं होतं, ते साधं लाकूड आतून भुगा झालंय. गेल्या महिन्यात खोलीत दोन नव्या खुर्च्या आल्या आणि राजसी नावाची नवी मुलगी शिकायला आली. प्रीती तिला दर सोमवारी आधी अडलेलं विचारते. मला भिंतीला टेकवून बाहेर व्हरांड्यात ठेवलंय. कुणी बसायला लागलं की जनाबाई सांगतात, जरा जपून.

इथून मला आतलं ऐकू येत नाही, फक्त आत जाणारे आणि बाहेर येणारे दिसतात. म्हणून जाता जाता तुम्हालाच सांगते. तुमच्या घरातही कुणी आवाज बंद करून टीव्ही बघत असेल. त्यांच्यासमोर बसा आणि विचारा. उत्तर 'हो' आलं, तर उठू नका.